आठ शक्तींचं पदक आणि दहा पिशव्या

सभागृहात खुर्च्या पाचशे आणि माणसं आठशे. उरलेले तीनशे जण भिंतीला टेकून, खिडक्यांत बसून, एकमेकांच्या खांद्यावरून माना उंच करून मंचाकडे बघत होते. मंचावर आमच्या बाजारातला खाटीक उभा होता. हा गडी अख्खा बोकड खांद्यावर टाकून दोन जिने चढतो आणि वर पोचल्यावर शीळ घालतो. त्याला पाय जुळवून उभं केलेलं होतं आणि त्याचा उजवा हात बाजूला सरळ पसरलेला होता.

बलाचार्यांनी दोन बोटं त्याच्या तळहाताच्या टोकावर ठेवली आणि हलकेच खाली दाबली. खाटीक कलंडला. पडता पडता त्याने बलाचार्यांचा पांढराशुभ्र ट्रॅकसूट धरला म्हणून वाचला.

"ही तुमची आजची ताकद!" बलाचार्य गालाला चिकटवलेल्या माइकमधून म्हणाले. "दोन बोटांची! आता बघा."

त्यांनी खाटकाच्या गळ्यात एक चकचकीत पदक घातलं, पुन्हा हात पसरायला लावला आणि त्या हाताला चक्क लोंबकळले. बलाचार्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. खाटीक तसूभर हलला नाही. स्वतःच्या हाताकडे तो अशा नजरेने बघत होता, जणू तो हात कुणीतरी उसना दिलाय. टाळ्यांनी छत उडायचं तेवढं बाकी राहिलं.

"आठ संस्कृती! आठ श्रद्धा! आठ शक्ती! आणि पदक एकच!" बलाचार्यांनी पडद्यावर चित्र लावलं. पदकाला आठ पाकळ्या होत्या आणि प्रत्येक पाकळीत एकेक चिन्ह. "हा सिंह, राजांचा. हा बैल, नदीकाठच्या प्राचीन देवळातला. हा हत्ती. हा गरुड, रोमन सैन्याच्या काठीवरचा. हा पूर्वेचा ड्रॅगन. ही हनुमंताची गदा. हा बर्फाळ देशातल्या गडगडाटाच्या देवाचा हातोडा. आणि हा ओक वृक्ष, वादळात न मोडणारा. हजारो वर्षं ही आठ बळं आठ दिशांना विखुरली होती. मी ती एका धातूत बसवली!"

"कशी बसवली?" मागून कुणीतरी विचारलं.

"कंपनांनी!"

कंपनांनी म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की पुढचा प्रश्न विचारायची सगळ्यांना लाज वाटते.

एकाला मात्र वाटली नाही. माल वाहणाऱ्या टोळीतला एक जाड चष्मेवाला हमाल उभा राहिला. "आचार्य, यात गाढव का नाही? सगळ्यात जास्त ओझं तर तेच उचलतं."

सभागृह खदखदून हसलं. बलाचार्यही हसले, पण फक्त ओठांनी. "गाढव ओझं उचलतं, मित्रा. शक्ती उचलत नाही." यालाही टाळ्या पडल्या. याचा अर्थ काय, ते मी आजपर्यंत शोधतो आहे.

आता माझी ओळख करून देतो. मी वजनकाटे दुरुस्त करतो. किराणावाल्यांचे, सोनारांचे, दवाखान्यांतले, धर्मशाळेच्या दारात नाणं टाकून चालणारे, सगळे काटे माझ्या टेबलावर येतात. धंद्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणी कितीही जोरात काही सांगितलं, तरी मी त्याच्या तोंडाकडे न बघता काट्याकडे बघतो. तेव्हा मी हात वर केला, मंचावर गेलो आणि म्हणालो, "माझ्यावर करून दाखवा."

सांगायला लाज वाटते, पण मी खाटकाहूनही लवकर पडलो. आणि पदक घातल्यावर मलाही ते हलवू शकले नाहीत. मान खाली घालून मी जागेवर येऊन बसलो. शेजारचा म्हणाला, "काय काटेवाले? आता पटलं ना?" 

पहिल्या रांगेत माझा थोरला भाऊ बसला होता. त्याने त्याच मिनिटाला पदक घेतलं.

दादाला गावात कुणी नावाने ओळखत नाही. सगळे त्याला हत्ती म्हणतात. सहा फूट दोन इंच उंची, दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागतो. घरं हलवणाऱ्या, यंत्रं पोचवणाऱ्या एका कंपनीच्या टोळीत तो वीस वर्षं आहे; तो चष्मेवाला हमालही त्याच टोळीतला. शहरातली कुठलीही जड वस्तू, मग तो पियानो असो, छपाईचं यंत्र असो की दगडी पुतळा, दादाच्या पाठीवरून गेलेली नाही असं सहसा होत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून त्याच्या जांघेजवळ लिंबाएवढा फुगवटा येत होता. ओझं उचललं की तो फुगायचा, आडवं झालं की आत जायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "हर्निया आहे. पोटाचा पडदा फाटलाय आणि आतडं तिथून बाहेर येतंय. एक दिवस ते बाहेर येईल आणि आत जाणार नाही. अडकलं, रक्त थांबलं, की काही तासांत जिवावर बेततं. शुक्रवारी शस्त्रक्रिया करू. तोवर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही."

सभागृहातला कार्यक्रम झाला सोमवारी. मंगळवारी सकाळी वहिनी माझ्या दुकानात आल्या. वहिनी शिवणकाम करतात. अंगाने इतक्या बारीक, की दादाशेजारी उभ्या राहिल्या की लोक आधी दादाला नमस्कार करतात आणि मग दचकून यांना. त्यांच्या हातात दवाखान्याचा कागद होता. त्यावर दादाने आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: गरज नाही.

"भाऊजी, हे शुक्रवारचं रद्द करून आले," वहिनी म्हणाल्या. "आणि रविवारी कंपनीच्या आवारात कार्यक्रम आहे. मालकांनी सगळ्या टोळीला पदकं द्यायची ठरवलीत. बलाचार्य येणार. आणि सगळ्यांसमोर हे एकटे तिजोरी उचलणार."

"कुठली तिजोरी?"

"ती जुनी, लोखंडी. चौघं उचलतात ती."

माझ्या हातातला पेचकस खाली पडला. मी दुकान तसंच उघडं टाकून दादाकडे गेलो.

दादा खिडकीशी बसून पदक फडक्याने पुसत होता. "तू पण पडलास ना मंचावर?" माझं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "मग आता शहाणपणा शिकवू नकोस. मला फरक पडलाय. सकाळपासून हलकं वाटतंय."

"दादा, सकाळपासून तू काही उचललेलंच नाहीस. म्हणून हलकं वाटतंय."

"यात हत्ती आहे. हे बघ, सगळ्यात मोठी पाकळी हत्तीची आहे. आचार्य म्हणाले, हे पदक तुमचीच वाट बघत होतं."

"तसली दोन पेट्या भरून पदकं वाट बघत होती."

"तुला कळायचं नाही रे!" त्याचा आवाज एकदम चढला, आणि मग तितकाच खाली आला. "वीस वर्षं लोक हत्ती म्हणतात मला. पोरं रस्त्यात थांबून दंडाला हात लावून बघतात. पोट शिवून घेतल्यावर काय म्हणतील? शिवलेला हत्ती?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "मी अख्ख्या गावाचं फाटलेलं शिवते," त्या म्हणाल्या. "त्यात कुणाला लाज वाटलेली पाहिली नाही."

दादा पदक पुसत राहिला. त्याला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळं होणं मला सोपं होतं. पण तो भाबडा नव्हता, तो घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाला पदक विकणं ही मला चोरीहून वाईट गोष्ट वाटते, कारण चोर निदान पैसेच नेतो.

त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. माझंच तोंड बंद होतं, कारण मी स्वतः पडलो होतो आणि का पडलो हे मला ठाऊक नव्हतं. ते शोधल्याशिवाय दादासमोर जाण्यात अर्थ नव्हता. दुकानात परतलो, वहिनी मागोमाग आल्या.

"मला पाडून बघा," मी म्हणालो आणि पाय जुळवून हात पसरला.

वहिनींनी हातावर दाबलं. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, जोर लावून. काही नाही. "त्यांनी कसं केलं होतं?" त्यांनी विचारलं. मी डोळे मिटून आठवायला लागलो. पहिल्या वेळी कुठे ताण आला होता? आणि एकदम आठवलं की उजव्या बुटाची बाहेरची कड टोचली होती. दुसऱ्या वेळी मात्र दोन्ही टाचा दाबल्या गेल्या होत्या.

आमच्या धंद्यात शिकाऊ कामगाराला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतात. वजन काट्याच्या मधोमध ठेव. कडेला ठेवलंस तर काटा खरा असूनही खोटं बोलेल. दिवसातून चार वेळा मी ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो आणि मंचावर स्वतःच काटा झालो तेव्हा मला ती सुचली नाही.

मी माणसांच्या वजनाचे दोन बुटके तबकडीचे काटे शेजारी शेजारी मांडले, एकावर एक पाय, दुसऱ्यावर दुसरा, आणि हात पसरला. "वहिनी, आता बोटांच्या टोकाला धरा. आणि नुसतं खाली नको, खाली आणि किंचित बाहेर. माझ्यापासून दूर."

त्यांनी दोन बोटं ठेवली. डाव्या पायाखालचा काटा सरसर शून्यावर आला आणि मी टेबलावर आदळलो. टेबलावर एका सोनाराचा नाजूक तराजू होता. तो कसाबसा वाचला.

"आता मनगटाच्या अलीकडे धरा. आणि दाबा खाली, पण माझ्या पायांकडे."

वहिनींनी दाबलं, मग लटकल्या. दोन्ही काटे एकदमच पुढे गेले आणि मी उभाच. त्यांचं वजन सरळ माझ्या पावलांमध्ये उतरत होतं. मला ताकद लावावीच लागत नव्हती.

वहिनी खाली उतरल्या आणि हसायला लागल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "म्हणजे सिंह नाही, बैल नाही, नुसतं बाहेर ओढायचं आणि आत दाबायचं?"

"शिवाय दुसऱ्या खेपेला आपल्याला कळलेलं असतं कुठून जोर येणार ते. अंग आपोआप सावध होतं."

"मग चला, यांना सांगू."

"सांगून नाही पटणार. त्याने डोळ्यांनी पाहिलंय. आपल्यालाही डोळ्यांनीच दाखवावं लागेल." आणि मी त्यांना काय शिवायचं ते सांगितलं.

रविवारी सकाळी कंपनीचं आवार माणसांनी फुललं होतं. गोदामाच्या छताला चेनकप्पी लटकत होती. जड माल साखळीने वर खेचायचं ते साधन, पण तीन महिने ते बंद होतं. मालकांनी ते दुरुस्त केलं नव्हतं, आणि आता करायची गरजही उरली नाही असं ते सगळ्यांना सांगत होते. "पदक मिळाल्यावर कप्पी कशाला? माझी माणसं आता मशीन आहेत, मशीन!" मालकांच्या गळ्यात मात्र पदक नव्हतं. त्यांना काही उचलायचं नव्हतं.

आवाराच्या मध्यभागी तिजोरी ठेवली होती. दादा तिच्या बाजूला उभा होता, गळ्यात पदक, चेहरा घामाने चमकत होता. बलाचार्यांनी माइक नीट केला आणि सिंहापासून सुरुवात केली. ते ड्रॅगनपर्यंत आले तेव्हा मी हात वर केला.

"मालक, एक विनंती. शहरातल्या प्रत्येक काट्यावर माझा तपासणीचा शिक्का असतो. एवढी मोठी वस्तू तुम्ही टोळीला देताय, तर तीही तपासून घ्या. पास झाली तर मी लेखी देतो. ते तुम्ही गाडीवर रंगवा."

मालकांच्या डोळ्यांसमोर रंगवलेली गाडी उभी राहिली असावी. "उत्तम!" ते म्हणाले. "आचार्य, काही हरकत?"

"शक्तीची परीक्षा घ्यायची नसते," बलाचार्य गंभीरपणे म्हणाले. "ती अनुभवायची असते."

"तुम्ही सोमवारी परीक्षाच तर घेत होतात," चष्मेवाला हमाल म्हणाला. "खाटकाची."

लोक हसले. आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. वहिनींनी एक टोपली पुढे ठेवली. तीत दहा कापडी पिशव्या होत्या, चारही बाजूंनी शिवलेल्या, प्रत्येकीला गळ्यात घालायची नाडी.

"यातल्या पाचांमध्ये आचार्यांची पदकं आहेत, सोमवारी घेतलेल्यांकडून उसनी आणलेली," मी सांगितलं. "पाचांमध्ये लोखंडी वॉशर. नळाला लावतात तसले, पण पदकाएवढे. दोन्हींचं वजन सारखं, ग्रॅमचाही फरक नाही, मी स्वतः मोजलंय. कशात काय ते मलाही ठाऊक नाही, पिशव्या वहिनींनी शिवल्यात आणि टोपली मी हलवून मिसळलीय. आणि वहिनी आता आवाराबाहेर जाऊन उभ्या राहतील. दादाने आपलं पदक काढून माझ्याकडे द्यायचं. आचार्यांनी त्याच्या गळ्यात एकेक पिशवी घालायची, नेहमीसारखं दाबायचं आणि सांगायचं, आत शक्ती आहे की वॉशर."

बलाचार्यांनी एक पिशवी उचलून चाचपली. काही लागलं नाही. वहिनींनी आत कापूस भरला होता.

पहिली पिशवी घातली. दाबलं. दादा कलंडला. "वॉशर," बलाचार्य म्हणाले. शिवण उसवली. आतून आठ पाकळ्यांचं पदक निघालं, वर हत्ती सोंड उंच करून उभा.

दुसरी. बलाचार्य हाताला लोंबकळले, दादा खांबासारखा उभा. "शक्ती!" आत वॉशर. नळवाला गर्दीत होता, त्याने तो हातात घेऊन ओळखला आणि छाती फुगवून शेजाऱ्याला दाखवला.

चौथ्या पिशवीला बलाचार्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. सहाव्याला ते म्हणाले, "ही कापसाची बाधा आहे. कापूस शक्ती शोषून घेतो."

"मग आम्ही पदक घालायचं कशावर?" खाटीक गर्दीतून ओरडला. "माझा सदरा सुती आहे!"

दहा झाल्या. चार बरोबर आल्या, सहा चूक. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी पाचेक बरोबर आल्या असत्या, असं मी म्हणालो तेव्हा हसण्याने कबुतरं उडाली. पण दादा हसला नाही. तो बलाचार्यांकडे बघत होता. "पण मी पडतो कसा मग?" त्याने हळूच विचारलं. "मला नाटक येत नाही. मी खरंच पडतोय."

"खरंच पडतोयस," मी म्हणालो. "वहिनी, या आत."

वहिनी आल्या. मी दोन काटे मांडले, दादाला त्यांवर उभं केलं. वहिनींनी पदराच्या टोकाला बांधलेली शिवणयंत्राची बॉबिन काढली. दोऱ्याचं ते एवढंसं चाक त्यांनी सगळ्यांना दाखवलं. "हे माझं शक्तिचिन्ह," त्या म्हणाल्या. "यावर सिंह नाही, पांढरा दोरा आहे. आधी हे नसताना बघा."

दोन बोटांनी, खाली आणि किंचित बाहेर. डावा काटा शून्यावर आणि सहा फुटी हत्ती आपल्या बायकोच्या बोटांनी आडवा व्हायला निघाला. टोळीने त्याला सावरलं. मग त्यांनी बॉबिन दादाच्या खिशात टाकली, मनगटाअलीकडे धरलं आणि टाचा उचलून लोंबकळल्या. दोन्ही काटे बरोबरीने पुढे गेले, दादा ढिम्म.

आता मी सगळ्यांना समजावून सांगितलं. बाहेर ओढलं की अंगाचा तोल पावलांच्या बाहेर जातो आणि पहिलवानही पडतो. आत दाबलं की भार पावलांवर उतरतो आणि मूलही उभं राहतं. "एकमेकांवर करून बघा," मी म्हणालो. पुढची पाच मिनिटं आवारात नुसती पडापड चालली होती. खाटीक नळवाल्याला पाडत होता, नळवाला कारकुनाला. असा मोफत करमणुकीचा कार्यक्रम शहरात पुन्हा झाला नाही.

बलाचार्यांनी गालावरचा माइक सोलून काढला. "संशय आला की शक्ती निघून जाते," ते पदकांची पेटी बंद करत म्हणाले, आणि शक्तीच्या मागोमाग तेही निघाले. पेटी जड होती. ती गाडीत ठेवायला त्यांनी दोन हमाल मागितले. कुणी पुढे झालं नाही.

 मला वाटलं संपलं. तेवढ्यात दादाने माझ्याकडचं आपलं पदक घेऊन टोपलीत टाकलं, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि तिजोरीपाशी गेला.

"पदक खोटं होतं. मान्य," तो म्हणाला. "पण हत्ती खोटा नाही. लोक तिजोरी बघायला आलेत."

 युक्ती उघडी पाडली की माणूस मोकळा होतो, असं मी समजत होतो. पण तो फक्त एका पदकातून सुटला होता, दुसरं पदक लोकांनी वीस वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात घातलं होतं आणि ते काढायचं कसं हे मला माहीत नव्हतं. "दादा, नको," मी म्हणालो. त्याने ऐकलं नाही. वहिनी पुढे धावल्या, त्याने एका हाताने त्यांना बाजूला सारलं. तो वाकला. दोन्ही हात तिजोरीखाली गेले. मानेची शीर तट्ट फुगली.

"ठेव!" चष्मेवाला हमाल गरजला.

या टोळीची एक रीत आहे. जड वस्तू उचलताना कुणाचाही हात निसटू शकतो, कुणाच्याही पाठीत चमक भरू शकते. म्हणून कुणीही, अगदी काल कामावर आलेल्यानेही, 'ठेव' म्हटलं की सगळ्यांनी त्या क्षणी सोडून द्यायचं. का म्हणून विचारायचं नाही, नंतरही नाही, आणि म्हणणाऱ्याला कधी हसायचं नाही. जो हे पाळत नाही त्याच्याबरोबर कुणी ओझं उचलत नाही.

"ठेव! ठेव!" पाठोपाठ बाकीचे अकराही ओरडले.

दादाचे हात सुटले. त्याने ठरवून सोडले नाहीत. वीस वर्षांची सवय त्याच्या हातांत होती आणि मनाच्या आधी हातांनी ऐकलं. तो बोटांकडे बघत राहिला आणि मग तिथेच तिजोरीवर बसला. एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. कुणी हसलं नाही. चष्मेवाल्याने फक्त एवढंच म्हटलं, "बारा जण उचलणारे आहेत, हत्ती. तू तेवढा बरा होऊन ये."

मग तो मालकांकडे वळला. "आणि कप्पी दुरुस्त होईपर्यंत या आवारातलं काहीही हलणार नाही." मालकांनी तोंड उघडलं, बारा जणांकडे पाहिलं आणि मिटलं.

शस्त्रक्रिया मंगळवारी झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि वहिनींना म्हणाल्या, "आतडं अगदी अडकायच्या बेतात होतं. या दिवसांत काही जड उचललं तर नव्हतं ना?" वहिनी म्हणाल्या, "नाही." आणि भिंतीला धरून खाली बसल्या. मीही बसलो. 

दुसऱ्या दिवशी टोळी भेटायला आली. दादा उशीला टेकून बसला होता, पोटावर पट्टी.  "त्या दिवशी मी ती तिजोरी उचलली असती," तो म्हणाला, "तर संध्याकाळी तुम्हाला मला उचलावं लागलं असतं."  वहिनींनी त्याचा हात धरला आणि तो कितीतरी वेळ सोडला नाही.

माझं चिन्हांशी भांडण नाही. जगातल्या सगळ्याच लोकांनी सिंह कोरले, बैल पुजले, हातोडे गळ्यात बांधले, कारण भीती सगळ्यांनाच वाटते आणि भीती वाटली की काहीतरी बळकट डोळ्यांसमोर हवं असतं. दारावर सिंहाचं चित्र लावलंत तर खुशाल लावा. पण कडीही घाला. ज्यांनी वेशीवर सिंह कोरले, त्यांनी वेशीचे दरवाजे बंद करायला पहारेकरी ठेवलेच होते. दगडातला सिंह पुरतो असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं.

आणि तुमच्या गावात कुणी पदक, पाणी, अंगठी, दगड असलं काही घेऊन आला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याला शांतपणे एवढंच विचारा: कुठल्या पिशवीत काय आहे ते तुम्हाला न सांगता, आमच्यासमोर, दहा वेळा करून दाखवता का? तो कापसाची बाधा सांगायला लागला, तर पैसे खिशातच ठेवा. आणि दवाखान्याने दिलेली तारीख मात्र रद्द करू नका. आमचं थोडक्यात निभावलं. दरवेळी 'ठेव' म्हणणारे बारा जण जवळ असतीलच असं नाही.